शिवी आणि तिचे उत्तर

पुण्यापासून पौडपर्यंत 'बीटीएस' या कोरियन गायकवृंदाचे चाहते आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यातील सात तरुणांचे रंगवलेले केस आणि नितळ चेहरे पाहून 'बायले', 'छक्के' अशा शिव्या हासडल्या जातात. चाहत्यांचे उत्तर ठरलेले असते : ते 'तसले' नाहीत, जून २०२५ पर्यंत साऱ्यांनी सक्तीची राष्ट्रसेवाही पूर्ण केली. ही सेवा झाली हे खरे. परंतु 'तसले' असणे लांछनास्पद आहे, हे शिवी देणाऱ्याचे गृहीतक या उत्तराने मान्यच होते.

शिवाय अशा खुलाशाने शिवी थांबतही नाही. तमाशापटांत 'नाच्या' गाजवणारे गणपत पाटील (निधन २००८) संसारी गृहस्थ होते. तरीही त्या भूमिकांपायी पडद्याबाहेरची कुचेष्टा त्यांना चुकली नाही.

प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. समाजमन मात्र मागेच आहे. चाहत्यांनी आवडत्या कलावंताचा कैवार जरूर घ्यावा. पण 'असले तरी बिघडले काय?' असे विचारून. त्याने गायकांचे फारसे काही बदलणार नाही. वर्गातल्या मागच्या बाकावर तीच शिवी मुकाट ऐकणाऱ्या मुलाला मात्र आधार मिळेल.