समजून घ्या : ढगात सापडलेलं हेलिकॉप्टर आणि वैमानिकाचा स्वभाव

आषाढी एकादशी, १७ जुलै २०२४. नागपूरहून अहेरी तालुक्यातल्या कार्यक्रमासाठी निघालेलं हेलिकॉप्टर गडचिरोलीच्या वाटेवर दाट ढगांत सापडलं. आत होते तेव्हाचे दोन्ही उपमुख्यमंत्री, देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार, शिवाय उद्योगमंत्री उदय सामंत. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं आणि अजितदादांनी भाषणातच सगळा किस्सा सांगून टाकला. बाहेर काहीच दिसेना, आपण पांडुरंगाचा धावा करत होतो आणि फडणवीस मात्र निवांत. माझे आजवर सहा अपघात झाले, मला काही झालं नाही, तुम्हालाही काही होणार नाही, असा धीर ते देत होते!

हा व्हिडीओ तुम्हीही पाहिला असेल. कोण घाबरलं आणि कोण शांत राहिलं, याची चर्चा झाली. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांबद्दल मात्र कुणी फारसं विचारलं नाही. त्यांनी काही चूक केली असं मला म्हणायचं नाही, उलट त्यांनी सगळ्यांना सुखरूप उतरवलं. पण अशा वेळी वैमानिकाच्या मनात काय चालतं आणि 'मागे फिरू या' म्हणायची मोकळीक त्याला कितपत असते, हा गडचिरोलीसाठी साधा प्रश्न नाही.

'मला काही होत नाही'

अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए वैमानिकांना पाच घातक वृत्ती शिकवते. नियम सांगणारे तुम्ही कोण? काहीतरी कर, पण आत्ताच कर. मला काही होत नाही. बघा, मी करून दाखवतो. आणि पाचवी, आता माझ्या हातात काय आहे?

ओळखीचे चेहरे आठवले ना? पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत असताना 'कालच गेलो होतो की' म्हणत गाडी घालणारा आपल्या प्रत्येकाच्या गावात असतो. घाबरलेल्या सहकाऱ्याला धीर देताना 'काही होत नाही' म्हणणं हा माणुसकीचा भाग झाला. पण तेच वाक्य चालकाच्या मनात पक्कं बसलं, की संकटाची पहिली खूण त्याला दिसतच नाही.

ढगात तर शरीरच फसवतं. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर आपला आतला कान हा तोल मोजणारा सेन्सर आहे आणि बाहेरचं क्षितिज दिसेनासं झालं की तो चुकीचं रीडिंग देऊ लागतो. विमान एका बाजूला कलत असतं आणि वैमानिकाला वाटतं आपण सरळ चाललोय. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांची चाचणी घेतली होती. दिसणं बंद झाल्यावर सगळ्यांचाच ताबा सुटला. सरासरी वेळ होती १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाही.

२ सप्टेंबर २००९ ला आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात खराब हवामानात कोसळलं. पाचही जण गेले. अवशेष सापडायला दुसरा दिवस उजाडला. आपल्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलाची कल्पना असलेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

नागपूरचा कॅप्टन

घातक वृत्ती म्हणजे बेफिकीर, मस्तीखोर वैमानिक, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. ते किती अपुरं आहे हे समजण्यासाठी ७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची दुर्घटना पाहावी लागेल.

दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या त्या विमानाचे कॅप्टन होते दीपक साठे. कुटुंब नागपूरचं. हवाई दलाचे माजी विंग कमांडर, अकादमीत 'स्वोर्ड ऑफ ऑनर' मिळवलेले. अनुभव आणि शिस्त या दोन्हींत नाव ठेवायला जागा नाही, असा माणूस.

त्या संध्याकाळी पाऊस होता. पहिला प्रयत्न सोडून त्यांनी दुसऱ्या बाजूने उतरायचं ठरवलं. आता वारा पाठीमागून होता. त्यांच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. सुमारे २,७०० मीटर लांबीच्या धावपट्टीचं निम्मं अंतर हवेतच गेलं आणि मग चाकं टेकली. धावपट्टी डोंगरमाथ्यावरची, टोकाला खोल उतार. विमान खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

चौकशी अहवाल २०२१ मध्ये आला. सहवैमानिकाने आधी सूचक शब्दांत आणि शेवटी स्पष्टपणे 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं सांगितलं होतं. तरीही उतरणं सुरूच राहिलं. अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानासाठी कॅप्टन साठे कोळिकोडला असणं गरजेचं होतं, कारण तिथे कॅप्टनांची कमतरता होती. म्हणजे मस्ती नव्हे, तर उद्याचं काम अडू नये ही तळमळ.

मला हेच सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. मस्तीखोर माणूस ओळखता येतो. कर्तव्याच्या ओढीने एक पाऊल पुढे टाकणाऱ्याला थांबवायचं कसं? आणि ज्येष्ठाला थांबवताना धाकट्याचा आवाज चाचरत असेल तर? २०१० च्या मंगळूर अपघातात १५८ जण गेले. तिथेही सहवैमानिकाने तीनदा वर चला म्हटलं होतं.

आपल्याकडे याचा अर्थ काय?

गडचिरोलीत हेलिकॉप्टर ही फक्त मंत्र्यांची सोय नाही. निवडणुकीत मतदान पथकं त्यानेच दुर्गम केंद्रांकडे जातात. एकादशीच्या त्याच दिवशी एटापल्ली तालुक्यातल्या वांडोलीत चकमक झाली आणि जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरनेच नागपूरला हलवण्यात आलं. मागे रक्तबंबाळ जवान असेल, तर 'पाच मिनिटं थांबू, ढग जाऊ दे' म्हणणं किती जड जात असेल! पाचही घातक वृत्ती अशा क्षणी चांगल्या हेतूचा मुखवटा घालून येतात.

म्हणून हा प्रश्न फक्त वैमानिकाच्या स्वभावाचा नाही, त्याच्याभोवतीच्या माणसांचाही आहे. 'गो अराउंड' केल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारायचा नाही, असं धोरण विमान कंपन्यांमध्ये रूढ आहे. सरकारी दौऱ्यांना आणि पोलिसांच्या उड्डाणांनाही ते लेखी लागू करायला काय हरकत आहे? वैमानिक मागे फिरला, तर मंत्र्यांच्या कार्यालयातून किंवा जिल्हा प्रशासनातून 'का?' म्हणून फोन जाता कामा नये. हवामान खातं नोंदवेल, वैमानिक नोंदवेल, विषय संपला.

सभा दोन तास उशिरा झाली तर आयोजकांची चिडचिड होईल, मंडपातले लोक उकाड्याने हैराण होतील. होऊ देत. नागपूर ते अहेरी रस्त्याने पाच-सहा तास लागतात आणि रस्त्याच्या अवस्थेबद्दल न बोललेलं बरं. पण पावसाळ्यातला प्रत्येक दौरा आखताना ते तास कागदावर आधीच धरून ठेवले, तर 'साहेब, मागे फिरतोय' हे तीन शब्द उच्चारताना वैमानिकाला मागच्या सीटकडे बघावं लागणार नाही.