बाप आत, पोरगा चौकात

इफ्तारच्या दस्तरखानावर आमच्या मोहल्ल्यात कुणी कुणाची ओळख विचारत नाही. तरी गेल्या रमजानात एक मुलगा दाराशीच घुटमळला. बाप कारागृहात, खटला अजून सुरू व्हायचा. मुलगा अकरावीला माझ्याच वर्गात. दिवाळीनंतर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे नुसती गैरहजेरी. गॅरेजवर कामाला लागला होता. हात धरून त्याला आत आणायला मी उठायला हवे होते. उठलो नाही.

गुन्ह्याला शिक्षा हवीच. घरात मारझोड करणारा आत गेला की कधी कधी लेकरे मोकळा श्वास घेतात, हेही खरे. पण देशातल्या तुरुंगांत चारांपैकी जवळपास तीन कैदी कच्चे आहेत. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच घरची मजुरी थांबते, वकिलाची फी सुरू होते आणि पंधरा वर्षांचे पोर घरचा कर्ता होते. त्याला पहिला आधार कोण देतो? मशिदीतले आम्ही नाही, मंदिरातले तुम्ही नाही. चौकात सट्टापट्टी लिहिणारा देतो. मग तेच पोर पोलिसांच्या कागदावर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होते आणि आपण म्हणतो, बापावर गेला!

१८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी अशा अख्ख्या जमातींवर हाच शिक्का मारला. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. कायदा १९५२ साली गेला. पण चोरी कुठेही होवो, संशय अजून आधी पारधी बेड्यावरच जातो. बापाला गाडीत घालताना पाहिलेले पोर पुढे गणवेशालाच भिते, मग तो पोलिसाचा असो की शाळेचा.

अमेरिकेत टॉड क्लिअर आणि डीना रोझ यांनी टॅलाहासी शहरातल्या वस्त्या अभ्यासल्या. एका मर्यादेपलीकडे माणसे तुरुंगात गेली, तिथे गुन्हे घटण्याऐवजी वाढलेले दिसले. घरे आणि शेजार विस्कटल्यावर पोरांवर नजर ठेवणार कोण?

जकातीच्या आठ हकदारांत बंधनात अडकलेले आहेत, कर्जात बुडालेलेही आहेत. सरकारी वाटाही आहेत: कैद्यांच्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, जामिनाची रक्कम नसलेल्या गरीब कच्च्या कैद्याला केंद्राच्या योजनेतून मदत होते. अडते ते अर्जापाशी. तो भरून यवतमाळला नेणारा शिकलेला शेजारी लागतो, आणि असे शेजारी आपल्या बोरीत कमी नाहीत.

तो मुलगा अजून गॅरेजवरच आहे. आज मगरिबच्या आधी मी तिकडून येणार आहे; दस्तरखानावर दोन जागा धरून ठेवा.