पेन्शनरबाबांची वही

शिळफाट्यापासून खोपोलीपर्यंत आणि तिकडे कर्जतपर्यंत आपल्या वस्त्यांतून फिरले, तर एखादे तरी पेन्शनरबाबा भेटतातच. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्यांचा गणवेशातला फोटो असतो. १९७१ च्या लढाईत विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. गुडघे दुखतात, ऐकू कमी येते. घरची मुले त्यांना विचारतात ते एवढेच की, पेन्शन जमा झाली का? याहून अधिक विचारण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ आहे आणि विचारण्याचे दिवस फार उरलेले नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या शेजारी असेच एक बाबा राहतात. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ते ड्रायव्हर होते. लढाईची गोष्ट काढली की हात झटकून म्हणायचे, "आम्ही काय लढलो? आम्ही गाड्या चालवल्या." गेल्या हिवाळ्यात त्यांना, त्यांच्या मुलाला आणि सातवीतल्या नातवाला सोबत घेऊन आम्ही नगरला गेलो. शिळफाट्यावरून एस.टी.ने बोरघाट चढून पुणे आणि तेथून पुढे नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली ते सुरू झाले. देशोदेशीचे जुने रणगाडे तेथे ओळीने मांडलेले आहेत. १९६५ च्या लढाईत आपल्या सैन्याने पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन आहेत, आवडीच्या कारखान्यात बनलेला आपला विजयंता आहे आणि आपल्या बाजूने लढलेला सेंच्युरियनही आहे.

सेंच्युरियनपाशी बाबा थांबले. वजन सुमारे पन्नास टन. १९७१ साली शकरगढच्या बाजूला, बसंतर नदीच्या लढाईत हेच रणगाडे पुढे होते. त्याच लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी अवघ्या २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करून ठेवलेला आहे. ही हकिगत आम्ही नातवाला सांगत होतो. तोच बाबा म्हणाले, "ह्याला पेट्रोल लागायचं बरं का. डिझेल नाही. आणि पिणार किती! एक किलोमीटर जायला चार-चार लिटर. ते पेट्रोल कोण देणार?"

नातू म्हणाला, "तुम्ही?"

मग बाबा बोलू लागले. दिवसा विमानांची भीती, म्हणून गाड्या रात्री निघत. शक्तिमान ट्रकमध्ये गाडीभर जेरीकॅन, नाहीतर तोफगोळ्यांच्या पेट्या. हेडलाइट लावायचे नाहीत. गाडीच्या मागच्या अंगाला, अगदी खाली, एक बारीक दिवा असे. त्याचा उजेड मागच्या आसाच्या मधल्या गोळ्यावर, म्हणजे डिफरन्शिअलवर पडे. तो गोळा पांढऱ्या रंगाने रंगवलेला असे. मागच्या ड्रायव्हरने तेवढा पांढरा ठिपका नजरेत धरून गाडी हाकायची. ठिपका वळला की वळायचे, थांबला की ब्रेक मारायचा. वरून विमानाला काही दिसत नसे. मागे पेट्रोल, त्यामुळे विडीसुद्धा शिलगावता येत नसे. "डोळा लागला असता तर मी एकटा नसतो मेलो. माझ्यामागच्या सगळ्या गाड्या वाट चुकल्या असत्या," असे ते म्हणाले. त्यांच्या मुलाचे वय आज पन्नाशीला आले आहे. त्यानेही ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच ऐकली.

त्या रात्रींबद्दल बाबांना सरकारने पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल दिले. ती पदके घरी पत्र्याच्या पेटीत पडून होती. ती कशाबद्दल मिळाली हे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

वाचकहो, संग्रहालयाला आम्ही दोष देत नाही. रणगाडा उभा करून ठेवता येतो, रात्रभर जागलेला ड्रायव्हर कसा ठेवणार? पाटीवर रणगाड्याचे वजन येते, तोफेचे माप येते, सेनानीचे नाव येते. ड्रायव्हर, स्वयंपाकी, पाणी वाहणारा, स्ट्रेचर उचलणारा यांची नावे पाटीवर मावत नाहीत. कष्टकऱ्याला ही गोष्ट नवीन नाही. कारखान्याच्या कोनशिलेवर तरी गवंड्याचे नाव कुठे असते? परंतु बाबा तेथे उभे राहिले आणि पाटीवर नसलेली गोष्ट नातवाच्या कानी गेली. संग्रहालयाचा खरा उपयोग हाच. जे घरी ओट्यावर बसून सुचत नाही, ते ती वस्तू समोर दिसली की आठवते.

लिहिलेल्या नावाची किंमत आपल्या समाजाइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे तेथील स्तंभावर कोरली गेली. त्यांत शेवटी 'नाक' असलेली नावे आहेत, ती आपल्या पूर्वजांची. पुढे १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या रावढळचे, सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज लिहून आपल्या लोकांच्या लष्करी सेवेचा दाखला पुढे ठेवला. शिवराम जानबा कांबळे यांनीही भरतीसाठी सरकारकडे अर्ज केले. बाबासाहेबांचे वडील रामजी स्वतः सुभेदार होते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले, ते या स्तंभापाशीच. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार पलटण उभारली गेली आणि १९२१ साली मोडण्यात आली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दर वेळी आधी हाच प्रश्न आला की, तुमच्या लोकांनी सेवा केली याचा पुरावा काय? ज्यांची नावे लिहिली गेली होती, ती मदतीला आली. ज्यांची लिहिली गेली नाहीत, त्यांच्याविषयी आज काहीच सांगता येत नाही.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. ज्यांच्या घरी असे बाबा आहेत त्यांनी दोनशे पानी वही आणावी आणि ती नातवंडांच्या हाती द्यावी. पहिल्या पानावर बाबांचा सर्व्हिस नंबर, भरतीचे ठिकाण व तारीख, युनिट, नेमणुकीची ठिकाणे आणि पदके लिहावीत. डिस्चार्ज बुक व पी.पी.ओ. यांच्या झेरॉक्स काढून सोबत लावाव्यात. हे करताना आईचे नाव व जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे ना, हेही पाहावे. बाबांच्या पश्चात फॅमिली पेन्शन मिळताना एका अक्षराच्या फरकापायी म्हाताऱ्या बाईला हेलपाटे पडतात. फरक आढळल्यास बाबा हयात असतानाच अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

पुढची पाने गोष्टींसाठी ठेवावीत आणि काही पाने आईसाठीही ठेवावीत. बाबा सीमेवर असताना मनीऑर्डर किती दिवसांनी येई, पत्र कोण वाचून दाखवी, लढाईच्या दिवसांत रात्र कशी जाई, हे तिच्यावाचून कोण सांगणार? तीही त्या लढाईत होतीच.

आणि बाबांचे पाय चालत आहेत तोवर त्यांना एकदा संग्रहालयात न्यावे. नगर लांब वाटत असेल तर पुण्याचे राष्ट्रीय युद्धस्मारक व त्यालगतचे संग्रहालय आपल्याला अधिक जवळ आहे. तेथे त्यांना घाई करू नये. ते जिथे थांबतील तिथे आपणही थांबावे. वही मात्र विसरू नये.