एक मूल, दोन संघ: शाळा आणि क्लबच्या ओढाताणीत शरीराचा हिशेब कोण ठेवणार?

तुमची मुलगी किंवा मुलगा शाळेच्या संघातही खेळतो आणि संध्याकाळी क्लबच्या मैदानावरही जातो का? मग हा लेख तुमच्यासाठी आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरसारख्या गावात ही परिस्थिती नवीन नाही. सकाळी शाळेच्या मैदानावर सरांचा सराव, संध्याकाळी खो-खो किंवा कबड्डीच्या क्लबचा सराव, आणि निवड चाचणी असेल तर पहाटेची गाडी पकडून सोलापूर. घरच्यांना अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण गुडघा दुखतो म्हणून तेच मूल जेव्हा डॉक्टरांसमोर येते, तेव्हा एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो: आठवड्यातून एकूण किती तास खेळतेस? शाळेचे सर शाळेचे तास सांगतात, क्लबचे प्रशिक्षक क्लबचे. बेरीज कोणाकडेच नसते.

आताच ही ओढाताण का वाढली आहे?

13 ते 19 जानेवारी 2025 या काळात नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचे. त्याआधी 2020 मध्ये शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. 2022 पासून अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीगही सुरू झाली. ज्या खेळाला एके काळी फक्त मधल्या सुट्टीतला खेळ समजत, त्यात आता नाव, पैसा आणि नोकरीची वाट दिसते.

ही वाट दोन रस्त्यांनी जाते. पहिला रस्ता शाळेचा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी ही शिडी आहे. दुसरा रस्ता क्लब आणि संघटनेचा. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून जिल्ह्याचा संघ ठरतो, तो राज्य अजिंक्यपद स्पर्धा खेळतो आणि तिथून राज्याचा संघ निवडला जातो.

दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील 5 टक्के खेळाडू आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राला मोठी किंमत आली आहे. शेतीवर किंवा मजुरीवर चालणाऱ्या घरात मुलीचे एक प्रमाणपत्र म्हणजे उद्याच्या पोलीस भरतीची आशा असते. त्यामुळे "दोन्हीपैकी एक सोडून द्या" असे डॉक्टरांनी सांगून टाकणे सोपे असले, तरी घरच्यांना ते परवडत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: दोन्ही सांभाळायचे असेल तर शरीराला ते कसे झेपेल?

हीच अडचण इतरत्र कशी हाताळली गेली?

जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव. त्यांच्या 'झुंड' चित्रपटामुळे घराघरांत फुटबॉलची चर्चा झाली. कोल्हापुरात तर तालमींच्या फुटबॉल संघांची मोठी परंपरा आहे आणि शाळांचे संघही तितकेच तयारीचे. तिथल्या चांगल्या खेळाडूलाही शाळा आणि तालीम ही दोन मैदाने ओळखीची आहेत.

अमेरिकेत या प्रश्नावर थेट बंदीचा उपाय करून पाहिला गेला. तिथल्या फुटबॉल महासंघाच्या विकास अकादमीने 2012 मध्ये आपला हंगाम दहा महिन्यांचा केला आणि अकादमीतील मुलांना शाळेच्या संघातून खेळणे जवळपास बंद झाले. अनेक मुलांना मित्रांसोबतचा आणि गावासमोरचा खेळ सोडावा लागला. पुढे 2020 मध्ये ती अकादमी लीगच बंद झाली. आज तिथे काही क्लब शाळेत खेळू देतात, काही देत नाहीत.

यातून आपण एक गोष्ट समजून घ्यावी. शाळेचा संघ सोडला म्हणजे शरीराला विश्रांती मिळतेच असे नाही, कारण रिकामी झालेली वेळ क्लबचा सराव भरून काढतो. मूल किती संघांत खेळते यापेक्षा सर्व मिळून किती खेळते, हे वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे आहे.

बेरीज कशी करावी?

समजा, तुमची मुलगी 14 वर्षांची आहे. शाळेचा सराव रोज सकाळी एक तास, सहा दिवस: 6 तास. क्लबचा सराव रोज संध्याकाळी दीड तास, सहा दिवस: 9 तास. रविवारी क्लबचे सराव सामने: 3 तास. शाळेचे 6 आणि क्लबचे 12. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर कोणीही जास्त करत नाही. एकूण मात्र 18 तास होतात आणि विश्रांतीचा एकही दिवस उरत नाही.

बालरोग आणि क्रीडावैद्यक तज्ज्ञ यासाठी काही सोपे ठोकताळे वापरतात:

- आठवड्याचे तास वयापेक्षा जास्त नसावेत. 14 वर्षांच्या मुलीसाठी 14 तास ही वरची मर्यादा समजावी. याहून जास्त सराव करणाऱ्या मुलांमध्ये अतिवापरामुळे होणाऱ्या गंभीर दुखापती अधिक आढळल्या आहेत.
- आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. त्या दिवशी "फक्त पळून ये" असेही नको.
- वर्षातून दोन ते तीन महिने त्या खेळापासून विश्रांती. हे महिने सलग नसले तरी चालतात. या काळात पोहणे, सायकल, गल्लीतला खेळ चालेल.
- झोप 8 ते 10 तास. ही 13 ते 18 वयोगटाची गरज आहे. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या खेळाडू मुलांना दुखापतीचा धोका जास्त असल्याचे अभ्यासात दिसले आहे. पहाटे पाचला उठणारे मूल रात्री अकरापर्यंत अभ्यास करत असेल तर ही झोप होतच नाही.

प्रवासही हिशेबात धरावा. सोलापूरला चाचणीसाठी जाऊन-येऊन मुलीचा दिवस मोडतो, जेवण चुकते आणि झोप कमी होते. असा दिवस विश्रांतीचा म्हणून मोजू नये.

वाढत्या वयात नेमके काय बिघडते?

मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीचा मऊ भाग असतो. मुलींची उंची साधारण 12 व्या आणि मुलांची 14 व्या वर्षाच्या आसपास सर्वात झपाट्याने वाढते. हाड लांब होते, पण स्नायू आणि त्यांचे बंध तितक्या लवकर लांबत नाहीत. त्यामुळे त्या मऊ भागावर ताण येतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येणे किंवा टाच दुखणे ही याचीच लक्षणे. वेळीच भार कमी केला तर हे बहुतेक वेळा बरे होते.

खो-खोमध्ये बसलेल्या स्थितीतून झटक्यात उठणे, खांबाला वळसा घालणे आणि सूर मारणे यांत गुडघा, घोटा आणि मनगटावर भार येतो. कबड्डीत पकडीच्या वेळी गुडघा पिळला जातो आणि डोके आपटू शकते. तीच हालचाल सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी झाली, तर हाडाला सावरायला वेळ मिळत नाही आणि त्याला बारीक तडा जाऊ शकतो. अशा तड्याचा सुरुवातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ दिसतो. "एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू द्या" हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा ठरू शकतो. दुखणे टिकून असेल तर पुन्हा दाखवा.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आहे. लवकर दम लागणे, चक्कर येणे, पूर्वीइतके पळता न येणे याला "आळस" म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने घेतली का, हेही विचारा. दुसरी गोष्ट पाळीची. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तिचे खाणे खेळाच्या मानाने कमी पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी हाडेही कमकुवत होतात. डॉक्टरांना दाखवा, यात लाजण्यासारखे काही नाही.

कुस्ती किंवा वजनी गटाची कबड्डी खेळणाऱ्या मुलांना एका गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणे, पाणी तोडणे असे प्रकार टाळा. उन्हाळ्यात, जेव्हा आपल्या भागात पारा 40 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पाणी तोडणे जिवावर बेतू शकते.

या चुका टाळा

- सामन्याआधी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन देऊन खेळवणे. दुखणे ही शरीराची सूचना आहे. ती दाबली की दुखापत वाढते. शरीरात पाणी कमी असताना अशी औषधे मूत्रपिंडालाही इजा करू शकतात.
- सुजलेल्या सांध्याला जोरात मालिश करणे किंवा ओढून "बसवणे". मुलांच्या कोपराच्या दुखापतीत यामुळे सांधा कायमचा आखडू शकतो.
- डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवणे. मूल "मी ठीक आहे" म्हणाले तरीही नाही.
- ताप अंगात असताना खेळवणे. अंतिम सामना असला तरी.
- दुकानातून आणलेली ताकदीची पावडर डॉक्टरांना न विचारता देणे. त्यात काय मिसळले आहे ते डब्यावरून कळेलच असे नाही, आणि डोपिंग चाचणीत अडकले तर करिअर संपू शकते.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

पुढीलपैकी काहीही दिसले तर स्पर्धेची तारीख न पाहता जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात अथवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा: मूल लंगडते आहे, रात्री दुखण्याने जाग येते, सांधा सुजला आहे, गुडघा अडकतो किंवा निसटल्यासारखा वाटतो, हाडाच्या एकाच ठिकाणी बोट लावले की दुखते, दोन आठवडे विश्रांती देऊनही दुखणे कमी होत नाही. खेळताना छातीत दुखले किंवा मूल बेशुद्ध पडले तर त्याच दिवशी दाखवा.

काही लक्षणे शरीरावर दिसत नाहीत. चिडचिड, मैदानावर जाण्याची टाळाटाळ, अभ्यासात मन न लागणे, सतत सर्दी-खोकला, हेही अतिश्रमाचे इशारे असू शकतात.

घरी काय करता येईल?

एक साधी वही करा. रोज तीन नोंदी ठेवा: किती वेळ खेळली, किती तास झोपली, कुठे दुखले. रविवारी बेरीज करा. ही वही शाळेच्या सरांना आणि क्लबच्या प्रशिक्षकांना दाखवा. दोघेही मुलीचे भलेच इच्छितात, पण दुसऱ्याकडे काय चालले आहे हे त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडच्या स्पर्धांच्या तारखा एका कागदावर लिहा. नियम एकच ठेवा: एका वेळी एकच संघ पहिला. शालेय स्पर्धा सुरू असताना क्लबचा सराव निम्मा करावा. संघटनेची निवड चाचणी जवळ आली की शाळेत फक्त हलका व्यायाम. सामन्यांच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे सुट्टी. दोन स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर कोणते प्रमाणपत्र कशासाठी ग्राह्य धरले जाते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून ठेवा. ऐकीव माहितीवर दोन्ही सामने खेळवू नका.

आणि सर्वात महत्त्वाचे: "सर, माझा गुडघा दुखतोय" हे चौदा वर्षांच्या मुलीला म्हणता येत नाही. संघातून नाव जाईल, सर रागावतील, बाबांना वाईट वाटेल, या भीतीने ती गप्प राहते. हे वाक्य तिच्या वतीने तुम्हालाच म्हणावे लागेल. गरज पडली तर डॉक्टरांकडून विश्रांतीची चिठ्ठी लिहून घ्या. त्या चिठ्ठीमुळे मुलीवर कामचुकारपणाचा ठपका येत नाही आणि सरांनाही संघ ठरवणे सोपे जाते.

शालेय स्पर्धा दर वर्षी येतात आणि निवड चाचण्याही. एखादी स्पर्धा हुकली तर पुढच्या वर्षी ती पुन्हा खेळता येते. वाढीच्या वयात गुडघा कायमचा दुखावला तर मात्र पुढचे वर्षही जाते आणि ज्या भरतीसाठी हे सगळे चालले आहे, तिथली धावण्याची चाचणीही. आज रविवार असेल तर वही घ्या आणि गेल्या आठवड्याचे तास मुलीसोबत बसून मोजा.