स्कॅन करून टाका!

मराठी भाषेत 'टाकणे' या क्रियापदाइतकं धोकादायक क्रियापद दुसरं नाही. नुसतं असतं तेव्हा ते फारसं वाईट नसतं. दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीवर बसलं, की त्याचा गळा दाबतं. पोराला 'अभ्यास कर' म्हटलं तर तो थोडा तरी होतो. 'अभ्यास करून टाक' म्हटलं, की तो कसा होतो हे आईबापांना विचारा. 'उरकून टाका', 'विकून टाका', 'बोलून टाका' या मंडळींत अलीकडे एक नवं पाहुणं आलंय : 'स्कॅन करून टाका'.

घरात जुन्या स्लाइड्स आहेत असं चारचौघांत बोलून बघा. पाचातली साडेचार माणसं हाच सल्ला देतील. उरलेला अर्धा माणूस स्लाइड म्हणजे काय ते विचारील. त्याच्यासाठी सांगतो. स्लाइड म्हणजे दोन इंच चौरस चौकटीत बसवलेला २४ बाय ३६ मिलीमीटरचा रंगीत फिल्मचा तुकडा. हातात धरला तर काहीच कळत नाही. मागून उजेड सोडून भिंतीवर पाडला, की आपली आत्या चार फुटांची होऊन समोर उभी राहते. प्रत्यक्षात ती चार फूट दहा इंच होती, म्हणजे फारसा फरक नाही.

आमच्या घरात अशा चारशे अकरा स्लाइड्स आहेत. त्या काढल्या आमच्या नानांनी, म्हणजे थोरल्या काकांनी. नाना डॉक्टर. सोलापुरात दवाखाना. पेशंटकडून पैसे मागायला लाजायचे, पण कॅमेऱ्यापुढं उभं राहायला सांगताना अजिबात नाही. फिल्म सुरुवातीला आगफाची, पुढं पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन गावची ओरवो. एका रोलवर छत्तीस चित्रं, आणि नाना ती छत्तीस वर्षभर पुरवायचे. त्यामुळं एका रोलवर जानेवारीतला सिद्धेश्वराचा गड्डा, दोन मुंजी, एक बारसं, पंढरपूर, आणि शेवटी दिवाळीतल्या किल्ल्याशेजारी रुसून बसलेला मी, असं अख्खं वर्ष गुंडाळलेलं असायचं. हल्ली नातवाच्या एका शिंकेचे छत्तीस फोटो निघतात. असो.

या स्लाइड्स बघणं हा एक सोहळा होता. पहिली अडचण पडद्याची. बाहेरच्या लोकांना वाटतं, सोलापूर म्हणजे चादरींचं गाव, तिथं पडद्याला काय तोटा? अहो, तोटा तिथंच! आमच्या गावच्या चादरीवर कुठं मोर, कुठं फुलं, कुठं चौकटी. कोरी पांढरी चादर सोलापूरच्या घरात शोधून सापडायची नाही. शेवटी नानांचं धोतर ताणून बांधायचं. त्यामुळं प्रत्येक चित्राला खालून काठ मिळायचा. मग प्रोजेक्टर. त्याचा पंखा असा घोंघावायचा, की शेजारच्यांना गिरणी लावल्यासारखं वाटावं. स्लाइड आत घालायचे आठ प्रकार असतात आणि त्यांतले सात चुकीचे. नाना निदान पाच तरी करून दाखवायचे. एकदा तर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वजासकट उलटी टांगलेली दिसली. सात काठ्यांपैकी नानांच्या चौकटीत मावल्या होत्या साडेतीन. आजीनं तरीही हात जोडले.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बडबड. 'हा कोण?' 'अरे, तो बार्शीचा.' 'बार्शीचा कसा? बार्शीच्याला मिशी होती.' एकेका स्लाइडवर असा खल. आमच्या तीन वेगवेगळ्या समारंभांत काळ्या टोपीतले एक गृहस्थ जेवताना दिसतात. ते आपले कोण, यावर आमच्या घराण्यात दोन पक्ष आहेत. माझं स्पष्ट मत सांगतो. त्या धोतरावरच्या चित्रांपेक्षा ही बडबडच खरी. चित्र हे फक्त निमित्त.

ही काही माझ्या डोक्यातली भन्नाट कल्पना नाही. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचांवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायची. पण नुसती चित्रं दाखवून ते गप्प बसत नव्हते. सोबत निवेदन, संवाद, गाणी असायची. सिनेमा यायच्या आधी लोक त्याला गर्दी करायचे. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या माणसांना कळलं होतं, की चित्राशेजारी बोलणारा माणूस लागतो. आता चित्राशेजारी फक्त नंबर असतो.

तो नंबर आमच्या घरात कसा आला ते ऐका. माझा पुतण्या पुण्याला असतो. कॉम्प्युटरमधला माणूस. आला, स्लाइड्सची खोकी बघितली आणि म्हणाला, "काका, स्कॅन करून टाकू या!" एक खोकं, शंभर स्लाइड्सचं, त्यानं गावातल्या एका दुकानात नेऊन दिलंसुद्धा. दुकानाचं नाव सांगत नाही. मला याच गावात राहायचं आहे. मी चार खेपा घातल्या. दर वेळी तिथला पोरगा मान वर न करता म्हणायचा, "करायलालो की काका!" पाचव्या खेपेला त्यानं एक पेन ड्राइव्ह दिला आणि स्लाइड्स रबरबँड लावून एका पिशवीत परत केल्या.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. पहिलंच चित्र माझ्या चुलत भावाच्या मुंजीचं. आजोबा पाटावर बसलेले, आणि जानवं उजव्या खांद्यावर! अपसव्य! मुंजीत आजोबा श्राद्धाला बसलेले! पुढच्या चित्रात सगळं घराणं डाव्या हातानं जेवत होतं. दुकानदारानं निम्म्या स्लाइड्स मागची बाजू पुढं करून स्कॅन केल्या होत्या. पुतण्या म्हणाला, "त्यात काय, एका क्लिकमध्ये सरळ होतं." होतं ना. पण कुठलं चित्र उलटं आहे हे ओळखायला जानवं कुठल्या खांद्यावर असतं ते माहीत पाहिजे. ती क्लिक कॉम्प्युटरमध्ये नसते.

हे हसण्यावारी नेता येईल. पुढचं नेता येत नाही. नानांनी प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं आहे : 'गड्डा, १९६८.' 'होम मैदान, पाळणा, मुले.' 'ताईचे डोहाळजेवण.' स्कॅनर चौकटीच्या आतली फिल्म तेवढी बघतो. इंचाला चार हजार ठिपके या हिशोबानं एका स्लाइडचे दोन कोटींहून जास्त ठिपके होतात म्हणे. त्या दोन कोटींत नानांचं एक अक्षर नाही. डॉक्टर असूनही त्यांचं अक्षर लागायचं हो! रबरबँड लावताना स्लाइड्सचा क्रम गेला तो वेगळाच. नाना १९६३ पासून ओळीनं लावत आले होते, ती ओळ दुकानाच्या टेबलावर मोडली.

आणि शंभरपैकी चित्रं आली शहाऐंशी. बाकीच्या चौदांचं काय? तर त्या 'ब्लर' होत्या, म्हणून दुकानदारानं स्वतःच्या अकलेनं गाळल्या. पैसेही शहाऐंशींचेच घेतले. प्रामाणिक माणूस.

आमच्या काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, आता एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. फोनवर नखाएवढा फोटो दाखवला तर त्या 'छान आहे' म्हणतात. चार्जर दाखवला तरी 'छान आहे' म्हणतात. म्हणून एका संध्याकाळी मी माळ्यावरून प्रोजेक्टर काढला, धोतर बांधलं आणि त्या गाळलेल्या चौदा स्लाइड्स भिंतीवर लावल्या. आठवी की नववी असेल. एक विहीर, कठड्याशी परकर-पोलक्यातली चार-पाच वर्षांची मुलगी. हललेली, चेहरा पुसट. मी पुढची लावणार, तर काकू म्हणाल्या, "थांब. ही कुसुम."

कोण कुसुम?

"आमची पहिली. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी गेली. तापानं. ह्यांचं औषध लागू पडलं नाही." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "एका जागी उभीच राहायची नाही. म्हणून हललाय फोटो."

साठ वर्षं मी या घरात आहे. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तिचं हे एवढंच चित्र आहे, आणि ते 'ब्लर' म्हणून पिशवीच्या तळाशी होतं. खोकं रद्दीत गेलं असतं, तर तिच्यासकट गेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ यंत्राचा वैरी दिसतोय. मुळीच नाही. स्कॅनिंग करावंच. रंगीत फिल्मचे रंग उडतात, हे मला डोळ्यांनी दिसतंय. आमच्या काही स्लाइड्समध्ये सगळं सोलापूर गुलाबी झालंय, जयपूरला लाजवील असं. ते रंग कॉम्प्युटरवर बरेचसे परत आणता येतात. कोडाक्रोम ही फिल्म अंधारात ठेवली तर रंग फार टिकवते, पण ती स्वतःच टिकली नाही. १९३५ साली आलेली ही फिल्म कोडॅकनं २००९ साली बंद केली, आणि अमेरिकेत कॅन्सासमधल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या प्रयोगशाळेनं ३० डिसेंबर २०१० नंतर तिचे रोल घेणं थांबवलं. कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर करणं तर २००४ सालीच सोडलं. तेव्हा नक्कल हवीच. माझं भांडण नकलेशी नाही. नक्कल झाली म्हणून अस्सल फेकणाऱ्यांशी आहे.

कारण या नकलांचं आयुष्य आम्ही बघितलंय. याच पुतण्यानं कॉलेजात असताना आमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो 'कायमचे' म्हणून सीडीवर घातले होते. सीडी आहे. चकचकीत आहे. ती घालायला घरात एकही यंत्र नाही. सध्या ती खिडकीत टांगली आहे, कबुतरं येऊ नयेत म्हणून. याउलट नानांची १९६३ सालची स्लाइड मी खिडकीकडं धरतो आणि कुसुम दिसते. तार नको, पासवर्ड नको.

फक्त ती सांभाळायला हवी, आणि आपण ती ठेवतो कुठं? माळ्यावर, पत्र्याखाली! मे महिन्यात सोलापूरचा पारा चव्वेचाळीसकडं जातो तेव्हा त्या माळ्यावर पापड न तळता फुलतात. रंगांना उष्णतेइतका शत्रू नाही. आतल्या खोलीतलं कपाट, खालचा कप्पा, एवढं पुरे. आमच्या कोरड्या हवेत बुरशीचा त्रास कोकणातल्यापेक्षा कमी, एवढं एक सुख आहे. धूळ मात्र गावाला पुरून उरेल इतकी आहे. ती फुंकणीनं उडवावी, धोतराच्या सोग्यानं पुसू नये. नवीन स्कॅनर अदृश्य किरणांनी धूळ आपोआप काढतात म्हणे, पण कोडाक्रोमवर ती युक्ती नीट चालत नाही. आणि दुकानात द्यायच्याच असतील, तर आधी प्रत्येक चौकटीवर नंबर घाला आणि चौकटीवरचं अक्षर वहीत उतरवून घ्या. दुकानदार हसेल. हसू द्या.

आणि त्याच्याही आधी त्या बघा! घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मधल्या खुर्चीवर बसवून बघा. धोतरच हवं असा माझा हट्ट नाही. टीव्हीवर लावा, भिंतीवर लावा, पण मोठं करून लावा आणि गप्प बसा. तुमचा फोन इतका हुशार आहे ना? मग ठेवा तो काकूंच्या मांडीवर आणि त्याला ऐकू द्या. आम्ही तेच करतोय. प्रोजेक्टरचा दिवा तापतो, म्हणून स्लाइड अर्ध्या मिनिटात काढून घेतो. काकूंचं काही अडत नाही. पांढऱ्या धोतराकडं बघत त्या पुढं पंधरा मिनिटं बोलतात.

पुतण्यानं परवा फोनवर हिशोब मांडला. दुसऱ्या दुकानात चांगलं यंत्र आहे, उरलेलं सगळं तीन दिवसांत होईल. मी म्हटलं, जरूर, पण आमच्या मागून. आमचा वेग संध्याकाळी आठ स्लाइड्सचा, त्यातही काकूंना बरं असेल त्या दिवशी. तीनशे चाळीस राहिल्यात. दिवा एकच शिल्लक आहे. काळ्या टोपीतले गृहस्थ अजून दोनदा यायचेत, आणि ते कोण हे आपल्याला पक्कं माहीत आहे, असं काकूंनी काल जाहीर केलंय. नाव मात्र त्यांची स्लाइड आल्यावर सांगणार आहेत.