सारांश नको, मूळ द्या

नऊ दिवसांनी आईला हॉस्पिटलमधून घरी सोडलं, तेव्हा काउंटरवरून माझ्या हातात दोन गोष्टी आल्या. चौदा पानांचं बिल आणि दोन पानांचं डिस्चार्ज कार्ड. बिलात हातमोज्यांच्या जोड्या मोजलेल्या होत्या, सिरिंजगणिक आकडा होता. पण आईला कोणी केव्हा तपासलं, काय दिसलं, त्यावरून काय ठरवलं, कोणतं औषध किती वाजता दिलं, हे सगळं दोन पानांत उरकलेलं होतं. पैशांचा हिशेब न मागता इतका बारीक मिळतो. शरीराचा हिशेब मागूनही मिळत नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

पुण्याच्या मामाने दुसरं मत घ्यायला सांगितलं. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी डिस्चार्ज कार्ड वाचलं, उलटून पाहिलं आणि म्हणाले, ‘यावरून मी काही सांगू शकणार नाही. इनडोअरचे कागद आणा.’ बडोद्याला परतून मी हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खिडकीशी गेले. पहिल्या खेपेला विचारणा झाली, ‘केस करायचीय का?’ दुसऱ्या खेपेला, ‘समरी दिलीय ना, त्यात सगळं आलं.’ तिसऱ्या खेपेला, ‘फाइल हॉस्पिटलची असते, ती बाहेर जात नाही.’ चौथ्या खेपेला एक वयस्कर गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘बेन, तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही. उगाच घाबरून जाल.’

या चारही उत्तरांना कायद्यात आधार नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची. ‘कशाला हवीत’ हा प्रश्न त्या नियमात कुठेच नाही. त्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक केस पेपर मागतात तेव्हा डॉक्टरला किंवा हॉस्पिटलला गोपनीयतेचं कारण पुढे करता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यातल्या सतरा हक्कांत हाही आहे: दाखल असताना २४ तासांत, घरी सोडल्यावर ७२ तासांत. सरकारी हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी आहेच.

मग अडतं कुठे? २००२ चे नियम डॉक्टरला बांधतात. फाइल ज्या कपाटात असते ते कपाट हॉस्पिटलचं, आणि हॉस्पिटल हे काही वैद्यक परिषदेचं सदस्य नव्हे. हॉस्पिटलांसाठी केंद्राने २०१० साली वेगळा कायदा केला, पण तो स्वीकारणं राज्यांवर सोपवलं. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपल्या जुन्या १९४९ च्या कायद्याखालचे नियम २०२१ साली सुधारून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं. सनद भिंतीवर आणि फाइल कपाटात, अशी ही विभागणी. हक्क कागदावर पक्का आहे, पण तो बजावण्याचा सगळा भार आजारी माणसावर, नाहीतर त्याच्या दमलेल्या नातेवाइकावर टाकलेला आहे. २०२३ साली वैद्यक आयोगाने नवे नियम आणले. त्यांत ७२ तासांचे पाच कामाचे दिवस झाले होते. ते नियम महिनाभरातच स्थगित झाले म्हणून जुने ७२ तास टिकून आहेत.

मी पोच घेऊन लेखी अर्ज दिला, नियमाचा क्रमांक घातला. एकोणिसाव्या दिवशी झेरॉक्सचे पैसे भरून ११८ पानं मिळाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यातला औषधांचा तक्ता आणि सिस्टरांनी भरलेला रक्तदाबाचा तक्ता शेजारी शेजारी ठेवले. एका गोळीनंतर दोनदा रक्तदाब एकदम घसरल्याची नोंद होती. डिस्चार्ज कार्डावर तीच गोळी ‘चालू ठेवावी’ अशी लिहिलेली होती आणि आई ती महिनाभर घेत होती. ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ असं आम्ही सगळे तिला सांगत होतो. गोळी बदलली. रात्रपाळीच्या सिस्टरने प्रामाणिकपणे लिहिलेल्या दोन आकड्यांना सारांशात जागा मिळाली नव्हती, एवढंच.

दुसरी गोष्ट मला घरी येऊन एकटीने वाचताना सापडली. ती सांगायला जड जातं, पण ती वगळून हा लेख लिहिणं म्हणजे मीही सारांशच हातात देण्यासारखं होईल.

त्या रात्री आई सारखी म्हणत होती, ‘जीव घाबरा होतोय गं, घाबरं होतंय मला.’ ड्युटीवरचा तरुण डॉक्टर दूरच्या राज्यातून आलेला, त्याला मराठी येत नव्हतं आणि गुजरातीही. त्या काय म्हणतायत, असं त्याने मला इंग्रजीत विचारलं. मी भाषांतरावर पोट भरणारी बाई. क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, ‘शी इज फीलिंग व्हेरी अँक्शस.’ मराठीत घाबरणं वेगळं आणि घाबरं होणं वेगळं. पहिलं मनाचं, दुसरं शरीराचं. आमच्या बडोद्यात त्याला ‘गभरामण’ म्हणतात, आणि बाजूलाच उभी असलेली सिस्टर तो शब्द ऐकताच नाडी बघायला धावली असती. मी गुजराती बोलू शकत होते. इंग्रजी बोलले, कारण डॉक्टर इंग्रजीत बोलत होता आणि मला इंग्रजी चांगलं येतं याचा मला अभिमान आहे.

पहिल्या पानावर रात्री ११.२० ची नोंद आहे: मुलीच्या सांगण्यानुसार पेशंट अँक्शस. खाली ॲसिडिटीचं इंजेक्शन. त्याखाली, २.०५ वाजता, पहिला ईसीजी. हृदयविकाराची शंका असेल तर रुग्ण पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढावा, असा वैद्यकातला संकेत आहे. इथे पावणेतीन तास गेले. मधुमेह असलेली सत्तरीची बाई काहीतरी होतंय म्हणते, तेव्हा नातेवाइकाच्या एका विशेषणावर विसंबायचं नसतं, हे त्या डॉक्टरला ठाऊक असायला हवं होतं. ते खरंच आहे. पण ते विशेषण माझं होतं. डिस्चार्ज कार्डावर या पावणेतीन तासांचा मागमूस नाही. तिथे लिहिलंय, ‘अस्वस्थतेच्या तक्रारीसह दाखल. ईसीजीत बदल आढळले.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांच्यामध्ये काय झालं, ते मात्र पुसलं गेलं आहे.

‘केस करायचीय का?’ या प्रश्नाला माझं उत्तर म्हणूनच हे सांगितलं. फाइल मागणारा प्रत्येक जण डॉक्टरची चूक शोधत नसतो. मला तिच्यात माझी सापडली. आईला पुन्हा कुठे नेलं तर तिचे शब्द मी तिच्याच भाषेत आधी उच्चारते, मग त्यांचा अर्थ सांगते. ही एवढी दुरुस्ती मला ११८ पानांनी शिकवली. कपाट बंद राहिलं असतं तर मी तो शब्द आणखी कोणासाठी तरी तसाच वापरला असता.

‘तुम्हाला कळणार नाही’ हे उत्तर मला धंद्यामुळे जुनं ओळखीचं आहे. कळणार नाही म्हणून मूळ लपवायचं आणि आपण काढलेला अर्थ तेवढा पुढे करायचा, ही युक्ती पोथीच्या काळापासून चालत आली आहे. कळलं नाही तर मी विचारेन. ज्याला कळतं त्याला दाखवेन. पुण्याच्या डॉक्टरांना कळलंच की! आणि ‘घाबरून जाल’ म्हणाल, तर अमेरिकेत २०१० साली तीन ठिकाणच्या १०५ डॉक्टरांनी तेरा हजारांहून अधिक रुग्णांना आपली टिपणं वर्षभर वाचायला खुली केली होती. वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टरने ती बंद केली नाहीत. तिथला रुग्ण आपल्यापेक्षा शूर असतो, असं मला वाटत नाही.

डॉक्टरांची भीती मी खोटी म्हणणार नाही. डॉक्टरांवर हात उगारणारे लोक आहेत. त्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली खास कायदा करावा लागला. छत्तीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर एखादी नोंद अर्धवट लिहितो, हेही मला समजतं. पण दार लावून घेतल्याने संशय वाढतो. एकोणीस दिवस मी खिडकीशी उभी होते तेव्हा मला खात्री वाटू लागली होती की यांनी काहीतरी भयंकर दडवलंय. कागद हातात आल्यावर कळलं की बहुतेक पानांवर थकलेल्या माणसांनी चांगलं काम केलंय. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझ्या मनातलं विष तेव्हाच उतरलं असतं.

आता नवा धोका पाहा. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा म्हणतो की तुमची माहिती वापरायला संमती मागताना नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्या. बावीस भाषा! भाषांतरकार म्हणून मला आनंद व्हायला हवा. पण पुढे त्याच कायद्यात, तुमची माहिती तुम्ही मागितलीत तर तुम्हाला काय द्यायचं, ते लिहिलंय: सारांश. औषधचाचण्यांची संमतीपत्रं मी मराठीत आणून दिली आहेत. ती पुन्हा इंग्रजीत उलटवून शब्द न् शब्द ताडून पाहतात, प्रमाणपत्र मागतात. तेव्हा सही हवी असते त्या वेळी मराठी नीट लिहायला पैसाही असतो आणि वेळही. सही झाली की मराठी संपतं, आणि जे लिहिलं गेलं त्याचा आपल्या वाट्याला गोषवारा येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बिलासोबत फाइलची पूर्ण प्रत मिळाली पाहिजे, अर्ज न करता, कारण न सांगता. ज्या यंत्रावर चौदा पानांचं बिल छापता येतं, त्यावर हीही पानं छापता येतात. कागद हॉस्पिटलचा असेल तर कागद ठेवून घ्या, आम्ही प्रत मागतोय. रुग्णाने जी तक्रार सांगितली ती आधी त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत टिपून ठेवा. तुमचा अर्थ तिच्याखाली लिहा. आणि हे हॉस्पिटलला बांधणाऱ्या कायद्यात लिहा, भिंतीवरच्या सनदेत नको.

तो कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांना एवढंच सांगते: तुमचं माणूस घरी सोडतील त्याच दिवशी, बिल भरायच्या रांगेत असतानाच, फाइलसाठी दोन ओळींचा अर्ज लिहा. २००२ च्या नियमांतल्या ७२ तासांचा उल्लेख करा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ‘समरी दिलीय ना’ म्हणाले तर हो म्हणा, आणि तिथेच उभे राहा.