वक्र ओळखला, पण पाहिला का?

अकरावीच्या वर्गात शांकव शिकवताना मी फळ्यावर एक समीकरण लिहिते: ४क्ष² + ९य² − १६क्ष + १८य − ११ = ०. कोणता वक्र? क्लासला जाणारी मुलं वही उघडण्याआधीच सांगतात, ‘एलिप्स!’ ‘एच स्क्वेअर मायनस एबी’ ऋण आलं की लंबवर्तुळ, शून्य आलं की अन्वस्त, धन आलं की अपास्त, हे त्यांना तोंडपाठ असतं. उत्तर बरोबर. मग मी ‘− ११’ पुसून ‘+ २५’ लिहिते. पुन्हा ‘एलिप्स’. ‘+ २६’ लिहिते. ‘एलिप्सच, मॅडम.’

आता वर्ग पूर्ण करून पाहा. डावीकडे तिन्ही वेळा ४(क्ष − २)² + ९(य + १)² हेच येतं. पहिल्या समीकरणात उजवीकडे ३६ राहतात आणि केंद्र (२, −१), अर्धअक्ष ३ व २ असलेलं लंबवर्तुळ मिळतं. दुसऱ्यात उजवीकडे शून्य, म्हणजे नुसता एक बिंदू. तिसऱ्यात उणे १. दोन वर्गांची बेरीज ऋण कशी होणार? कागदावर काहीच उमटत नाही. मुलांची कसोटी फक्त वर्गपदांचे आणि ‘क्ष × य’ पदाचे सहगुणक बघते. शेवटच्या संख्येची ती दखलच घेत नाही.

यात मुलांना बोल लावणं मला पटत नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे अशी कसोटी हवीच. पण अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं. तिथे कसली घाई? केंद्र, अक्ष आणि कच्ची आकृती यांना गुण ठेवले, तर मुलं आपोआप वर्ग पूर्ण करायला लागतील.

वक्राच्या प्रकारावर फार मोठे निष्कर्ष उभे असतात. २०१७ मध्ये हवाईतल्या दुर्बिणीतून ‘ओमुआमुआ’ हा खगोलीय पदार्थ दिसला. त्याच्या कक्षेची उत्केंद्रता सुमारे १.२ निघाली. एकापेक्षा जास्त, म्हणजे अपास्त. म्हणजे सूर्याभोवती न फिरता बाहेरून येऊन बाहेर निघून जाणारा पाहुणा. हे मुलांना सांगितलं की तास संपल्यावरही प्रश्न थांबत नाहीत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘वक्र ओळखा’च्या प्रश्नांत एक समीकरण असं द्या, ज्याला वक्रच नाही, आणि ‘का नाही?’ याचे गुण वेगळे ठेवा.